लहान चणीचा पोरगा ड्राफ्टमध्ये मागे का पडतो आणि त्याला नीट बघायचं कसं

२०२५ ला कॅल्डर ट्रॉफीसाठी, म्हणजे एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगमधल्या सगळ्यात भारी नवख्या खेळाडूच्या बक्षिसासाठी, शेवटी तीन नावं उरली होती. मॅकलिन सेलेब्रिनी २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (तिथे टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात) पहिलाच उचलला गेलेला, त्याचं नाव असणारच. पण दुसरा लेन हटसन, उंची ५ फूट ९ इंच, २०२२ ला ६२ वा. आणि तिसरा डस्टिन वुल्फ, गोली म्हणजे गोलकीपर, ६ फूट, म्हणजे आपल्या घरात उंच म्हणतील पण एनएचएलच्या गोलींमध्ये छोटा, २०१९ च्या २१७ जणांमध्ये २१४ वा. ट्रॉफी हटसनने नेली, ८२ मॅचमध्ये ६६ पॉइंट्स (गोल आणि असिस्ट मिळून), त्यातले ६० असिस्ट म्हणजे गोलचे पास, तेही डिफेन्समन असून. ज्या मॉन्ट्रियलने त्याला घेतलं त्यांनीसुद्धा त्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी तीन पोरं उचलली होती.

हे दरवर्षी कुठेतरी होतंच. जूनअखेर ड्राफ्ट येतो, सात फेऱ्या, ३२ टीम्स, साधारण २२४ पोरं, आणि ज्याने वर्षभर आपल्या लीगमध्ये धुमाकूळ घातलाय तो ५ फूट ८ इंचाचा आहे म्हणून दुसऱ्या नाहीतर चौथ्या फेरीपर्यंत खुर्चीत बसून राहतो. मला याचा मनापासून त्रास होतो, पण नुसतं चिडून काही कळत नाही, म्हणून हे लिहितोय. तुम्ही ड्राफ्ट फॉलो करत असाल, मित्रांबरोबर मॉक ड्राफ्ट, म्हणजे लुटुपुटूचा ड्राफ्ट, खेळत असाल किंवा तुमचंच पोरगं ब्रॅम्प्टन, एडमंटन, न्यू जर्सी कुठल्या रिंकवर पहाटे सहाला उतरत असेल आणि टीममध्ये सगळ्यात लहान दिसत असेल, तर अशा खेळाडूला बघायचं कसं ते सांगतो.

सुरुवातीलाच एक, यात क्रिकेट आणू नका. गावस्कर आणि सचिनची उंची कुणी विचारली नाही हे खरंय, पण क्रिकेटमध्ये शंभर किलोचा माणूस पूर्ण वेगाने येऊन तुम्हाला रिंकभोवतीच्या फळीवर चेपत नाही, आइस हॉकीत ते नियमात बसतं. त्यामुळे उंची बघणाऱ्या स्काउटला, म्हणजे टीमसाठी पोरं हेरणाऱ्याला, मूर्ख समजून सुरुवात केलीत तर पुढचं काहीच कळणार नाही.

स्काउटला भीती कसली असते

स्काउट १७-१८ वर्षांचं पोरगं बघतो पण त्याला ठरवायचं असतं २३ व्या वर्षीचं. ज्युनिअरमध्ये, म्हणजे साधारण १६ ते २० वयाच्या लीगमध्ये, समोरचा डिफेन्समनसुद्धा शाळकरी पोरगाच असतो, एनएचएलमध्ये समोर तिशीतला पक्का माणूस येतो. त्यात एनएचएलचं रिंक २०० बाय ८५ फूट, युरोपातलं मोठं रिंक ३० मीटर म्हणजे जवळजवळ ९८ फूट रुंद. ते १३ फूट गेले की पक (खेळायची रबरी चकती) घेऊन विचार करायला जो वेळ मिळायचा तो संपतो. आणि प्लेऑफमध्ये रेफरी शिट्टी जरा जपूनच वाजवतो, नेटसमोर धक्काबुक्की चालते, तेव्हा हलका खेळाडू टिकेल का हा प्रश्न रास्तच आहे.

दुसरं कारण लोक फारसं बोलत नाहीत पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्या चणीचा पोरगा गोल करायला कमी पडला तरी त्याला चौथ्या लाइनवर (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तीन फॉरवर्डची तुकडी) टाकता येतं, पेनल्टी किलवर, म्हणजे आपला एक जण शिक्षेवर बाहेर असताना बचावाला, वापरता येतं, कुठेतरी जागा निघते. छोटा खेळाडू मात्र पहिल्या दोन लाइनमध्ये बसला तर बसला, नाहीतर कोचला त्याचं काय करायचं सुचत नाही. म्हणजे त्याला नुसतं चांगलं असून भागत नाही, सगळ्यात चांगल्या सहा फॉरवर्डमध्ये असावं लागतं. रॉको ग्रिमाल्डी बघा, ५ फूट ६ इंच, २०११ ला फ्लोरिडाने ३३ वा घेतला, एनएचएलच्या खालच्या एएचएल लीगमध्ये जबरदस्त खेळला, पण एनएचएलमध्ये तीन टीम्स फिरूनही पहिल्या दोन लाइनमध्ये कायमची जागा मिळाली नाही. मूर्ती लहान कीर्ती महान म्हणताना ही नावंही लक्षात ठेवायची, कारण ती जास्त आहेत.

तिसरं कारण म्हणजे स्काउटची स्वतःची नोकरी. २००३ चा ड्राफ्ट घ्या, इतिहासातल्या सगळ्यात भरलेल्या ड्राफ्टपैकी एक. न्यूयॉर्क रेंजर्सने १२ व्या नंबरवर ह्यू जेसिमन घेतला, ६ फूट ६ इंच, आणि तो एनएचएलमध्ये एकूण दोन मॅच खेळला, त्याही फ्लोरिडाकडून. त्याच ड्राफ्टमध्ये ५ फूट ११ इंचाचा झॅक पारिझे १७ वा गेला आणि जो पॅव्हेल्स्की सातव्या फेरीत २०५ वा. आता जेसिमनला घेणाऱ्यांचं म्हणणं काय असणार, एवढी उंची आणि असे हात रोज मिळत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. पण हेच जर १२ व्या नंबरवर ५ फूट ८ इंचाचा घेऊन फसले असते तर पहिल्याच दिवसापासून "दिसत नव्हतं का" असं ऐकावं लागलं असतं. फसणं दोन्हीकडे सारखंच, पण शिव्या एकाच बाजूला जास्त, मग माणूस दुसऱ्या बाजूला झुकतो.

आणि यातलं बरंचसं जुन्या हॉकीचं ओझं आहे. २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये गेला, त्यानंतर बर्फावरच्या दोन रेघांपलीकडचा लांब पास चालू झाला, स्टिकने अडकवणं, धरणं यावर कडक पेनल्टी लागायला लागली. त्याआधी छोट्या खेळाडूला अर्ध्या रिंकभर ओढून नेता यायचं. मार्टिन सेंट लुईने २००४ मध्ये, म्हणजे त्या ओढाओढीच्याच काळात, सगळ्यात जास्त पॉइंट्स केले, लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी नेली, टॅम्पाबरोबर स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही उचललं. उंची ५ फूट ८, आणि ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं.

आधी जन्मतारीख काढा

उंची नंतर बघा, तारीख आधी. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण होणारे पात्र असतात, म्हणजे १६ सप्टेंबरला जन्मलेला आणि पुढच्या वर्षी १५ सप्टेंबरला जन्मलेला एकाच यादीत येतात, फरक जवळजवळ पूर्ण वर्षाचा. १७ व्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती ते घरात पोरं वाढवलेल्यांना सांगायला नको. ऑगस्टमधला ५ फूट ९ चा पोरगा आणि आदल्या ऑक्टोबरमधला ५ फूट ९ चा पोरगा ही एक केस नाहीच, पहिल्याला अजून भरायला वेळ आहे, दुसऱ्याचं बरंचसं झालंय.

हा फरक लहानपणापासून साचत येतो. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारी-मार्चची पोरं मोठी दिसतात, चांगल्या टीममध्ये जातात, चांगला कोच आणि जास्त बर्फ मिळतो, आणि मग खरंच चांगली होतात. रॉजर बार्न्सली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेला, लहान चणीचा, आणि तरीही वरच्या टीममध्ये टिकून राहिलेला पोरगा दिसला तर त्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवा, तो सगळी वर्षं मोठ्यांशी भांडत आलाय.

वाढ अजून बाकी आहे का हाही प्रश्न विचारायचा असतो. ड्राफ्टच्या आधी हटसन टीम्सना भेटायला जाताना डॉक्टरचं पत्र घेऊन गेला होता, आपली हाडं वयाच्या मानाने मागे आहेत, अजून उंची वाढेल असं त्यात होतं. आपल्याला असं पत्र कुठून मिळणार, पण आधीच्या दोन-तीन सीझनच्या नोंदी मिळाल्या तर दरवर्षी अर्धा-एक इंच वाढतोय का ते कळतं. छापलेली उंची मात्र थोडी फुगवलेली असू शकते, ड्राफ्टआधी बफेलोला कंबाइन होतं तिथे पोरांना नीट मोजतात, तो आकडा धरा.

कंबाइनबद्दल सांगायचं तर तिथे वजन, हातांची लांबी, पुल-अप, उडी, सायकलवरच्या दमछाक करणाऱ्या टेस्ट सगळं होतं, फक्त स्केटिंग होत नाही. बर्फावर कुणी उतरतच नाही. ज्याचं सगळं बळ बर्फावर दिसतं त्याला तिथे दाखवायला काही नसतं, त्यामुळे कंबाइननंतर कुणाचं नाव खाली घसरलं तर लगेच तुमची यादी बदलू नका.

पॉइंट्स सोलून बघा

नुसता आकडा घेऊ नका. किती पॉवर प्लेवर (समोरचा एक जण शिक्षेवर बाहेर असताना) आले, किती पाचास पाच असताना, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असताना, आले ते वेगळं करा. पॉवर प्लेवर जागा मोकळी असते, तिथे छोटा खेळाडू चमकणारच. पाचास पाचमध्ये तो आपल्या लीगमध्ये वर असेल तर गोष्ट वेगळी.

मग लाइनमेट कोण होते. इथे अॅलेक्स डिब्रिंकॅटची केस नीट बघण्यासारखी आहे. ५ फूट ७, एरी ऑटर्स या ज्युनिअर टीमकडून पहिल्याच सीझनला, २०१४-१५ मध्ये, ५१ गोल. सगळे म्हणाले, बरोबर कॉनर मॅकडेव्हिड होता ना. ठीक, म्हणायला जागा होती. पुढच्या वर्षी मॅकडेव्हिड एनएचएलमध्ये एडमंटनला गेला, डिब्रिंकॅटने पुन्हा ५१ केले. म्हणजे शंकेचं उत्तर आकड्यातच समोर पडलं होतं, तरी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो ३९ वा गेला. शिकागोने घेतला, त्याने अजून एक वर्ष ज्युनिअरमध्ये ६५ मारले आणि मग एनएचएलच्या पहिल्याच सीझनला २८, दोनदा ४१. तुम्हाला करायचं एवढंच, की भारी जोडीदार गेल्यावर आकडा पडला का ते तपासा, नाही पडला तर ते गोल त्याचेच होते.

मॅच बघताना पकवर डोळे ठेवू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हिला वेळ द्यावा लागतो. एक पूर्ण मॅच त्या एकाच खेळाडूवर डोळे ठेवून बघा, बाकी स्कोअर काय झाला सोडून द्या. मी ज्युनिअरच्या मॅचेस अशाच बघतो, जमलं तर काचेजवळच्या कोपऱ्यातली सीट घेऊन, कारण छोट्या खेळाडूचं खरं काय ते कोपऱ्यातच कळतं.

पक कोपऱ्यात गेलाय, पोरगा पहिला पोचणार आहे, मागून मोठा डिफेन्समन येतोय. पकला हात लावायच्या आधी त्याने मान वळवून मागे किती वेळा बघितलं? चांगला असेल तर दोनदा बघतो, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, आणि पक स्टिकवर यायच्या आतच कुठे जायचं ते ठरलेलं असतं. मग फळीला सरळ तोंड करून थांबत नाही, तिरका येतो, गुडघे वाकवून कंबर खाली घेतो, धक्का पाठीऐवजी कुल्ल्यावर घेतो आणि त्याच धक्क्याचा जोर वापरून बाहेर फिरतो, समोरचा फळीवर आदळतो आणि हा पक घेऊन मोकळा. जो असं करू शकत नाही तो दोन प्रकारे दिसतो, एकतर अर्धी पावलं टाकून दुसऱ्याला आधी पोचू देतो, नाहीतर डोळे मिटून पक परत तिथेच ढकलतो. हे दोन-तीनदा दिसलं तर त्याचे हात कितीही मऊ असोत, जपून.

जॉनी गॉड्रो हे शिकायला सगळ्यात चांगला होता. २०११ ला डुब्यूकच्या ज्युनिअर टीमकडून खेळत होता, कॅलगरीने चौथ्या फेरीत १०४ वा घेतला, मग तीन वर्षं बॉस्टन कॉलेज, २०१४ ला कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून होबी बेकर अवॉर्ड आणि २०२१-२२ ला एनएचएलमध्ये ११५ पॉइंट्स. त्याला नीट चेक, म्हणजे अंगाचा धक्का, बसलाय असं क्वचित दिसायचं, धक्का यायच्या आधीच तो तिथून गेलेला असायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सायकलवर असताना गाडीने उडवलं आणि तो आणि त्याचा भाऊ दोघेही गेले, अजून पटत नाही. त्याच्या क्लिप काढा आणि गोल सोडून फक्त गोलच्या आधीची चार सेकंद बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे तो मधे जातो का. ज्युनिअरमध्ये कडेकडेने स्केट करून, लांबून पास देऊन भरपूर पॉइंट्स होतात, एनएचएलचे डिफेन्समन मात्र त्याला कडेलाच ठेवतात, तिथून काही होत नाही. नेटसमोरच्या त्या चौकोनात हा पोरगा स्वतःहून घुसतो का, मार खाऊन पुढच्या शिफ्टला, म्हणजे पुन्हा बर्फावर उतरल्यावर, परत घुसतो का ते मोजा. ब्रॅड मार्शँड ५ फूट ९, तिसऱ्या फेरीत ७१ वा, आणि त्याच्यासमोर नेटजवळ उभं राहणं कुणालाच आवडत नाही.

तिसरी म्हणजे पाय. छोटा आणि हळू असा खेळाडू घेऊ नका, इथे मी कडक आहे. पण हळू म्हणजे कायमचा हळू नाही, स्केटिंग सुधारता येतं, खेळाचं वाचन सहसा शिकवता येत नाही. ब्रेडन पॉइंट मूस जॉच्या ज्युनिअर टीममध्ये खेळायचा तेव्हा उंचीबरोबर पहिल्या पावलांबद्दलही शंका होती. टॅम्पाकडे बार्ब अंडरहिल होत्या, फिगर स्केटिंगच्या माजी जगज्जेत्या, त्यांनी त्याच्या स्केटिंगच्या पावलांवर काम केलं आणि आज तो लीगमधल्या वेगवान सेंटरमध्ये मोजला जातो. २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षी प्लेऑफमध्ये १४-१४ गोल, दोन्ही वर्षी कप. प्लेऑफमध्ये छोटे टिकत नाहीत म्हणणाऱ्यांना हे एक नाव पुरे आहे.

पोझिशन आणि भाव

विंगरला (कडेच्या फॉरवर्डला) सगळ्यात सोपं, सेंटरला (मधल्या फॉरवर्डला) त्याहून अवघड कारण आपल्या झोनमध्ये खाली येऊन मोठ्यांना धरावं लागतं, डिफेन्समनला त्याहून अवघड, गोलीला तर दारच जवळजवळ बंद. गोली गुडघ्यावर बसला की वरचे कोपरे उंचीनेच झाकले जातात, म्हणून टीम्सना सहा फूट तीन-चारचे हवे असतात. त्यामुळे अवघड पोझिशनवरचा छोटा खेळाडू आपल्या लीगमध्ये सलग दोन वर्षं सगळ्यांच्या वर असेल तर तो जास्त गंभीरपणे घ्या. वुल्फने एव्हरेटच्या ज्युनिअर टीममध्ये नेमकं हेच केलं होतं. जॅरेड स्पर्जन, ५ फूट ९ चा डिफेन्समन, आयलँडर्सने २००८ ला सहाव्या फेरीत घेतला आणि करारच केला नाही, मिनेसोटात ट्रायआउटवर आला आणि पुढे तिथलाच कॅप्टन झाला.

तुलना करताना पॅट्रिक केनचं नाव घेऊ नका. केन २००७ ला पहिलाच गेला होता, त्याला कुणी सोडलं नव्हतं. ज्याला सोडतील त्याची तुलना सोडलेल्यांशीच करा, आणि चाललेल्या एकासमोर न चाललेला एक लिहा.

आणि शेवटी भाव. छोट्या खेळाडूवर विश्वास आहे म्हणजे त्याला पाचव्या नंबरवरच घेतलं पाहिजे असं नाही, तो ४० पर्यंत खाली येणार असेल तर तोपर्यंत थांबा, पण मग थांबण्याच्या नादात सोडू नका. टॅम्पाने २०११ ला निकिता कुचेरोव ५८ वा घेतला आणि २०१४ ला ब्रेडन पॉइंट ७९ वा. त्या दिवशी त्यांच्याकडे ८० वा पिक होता, एक जागा वर सरकायला त्यांनी मिनेसोटाला सातव्या फेरीचा एक पिक दिला. एक जागा! कुणीतरी त्या टेबलावर बसून ठरवलं होतं की हा पोरगा आता हातचा जाऊ द्यायचा नाही. मॉक ड्राफ्ट करताना मी हेच करतो, आपल्याला पहिल्या फेरीचा वाटणारा छोटा खेळाडू दुसऱ्या फेरीच्या मध्यावर अजून तिथेच असेल तर पुढे जाऊन घेतो.

ज्यांच्या घरात असं पोरगं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कॅनडात बॉडीचेकिंग १३-१४ च्या वयोगटापासून सुरू होतं, नेमकं तेव्हाच काही पोरं ताडमाड वाढलेली असतात आणि काही नाहीत, तेव्हा धक्का देणं नंतर शिकेल पण धक्का घेणं, फळीजवळ कोन करून येणं आधीच शिकवा, चांगला कोच हे एक-दोन वर्षं अगोदर सुरू करतो. आणि कॉलेजचा रस्ता डोक्यात ठेवा, सेंट लुई व्हर्मॉन्टला चार वर्षं खेळला, शरीराला वेळ मिळतो. २०२५ च्या ऑगस्टपासून कॅनडातलं मेजर ज्युनिअर (तिथल्या वरच्या ज्युनिअर लीग) खेळलेल्यांनाही अमेरिकन कॉलेजमध्ये खेळता येतं, आधी यायचं नाही, त्यामुळे १६ व्या वर्षी एकच दार निवडायची सक्ती आता राहिली नाही.

सातवी फेरी संपली की यादी फेकू नका. उत्तर अमेरिकेतला खेळाडू २० वर्षांचा होईपर्यंत पुढच्या ड्राफ्टमध्ये परत येतो. कॉनर गारलँडला २०१४ ला कुणी घेतलं नाही, पुढच्या सीझनला क्यूबेकच्या लीगमध्ये १२९ पॉइंट्स केले तेव्हा अॅरिझोनाने पाचव्या फेरीत घेतला. अँड्र्यू मँजियापानेही २०१४ ला राहिला, २०१५ ला कॅलगरीने १६६ वा घेतला आणि २०२१-२२ ला त्याने ३५ गोल केले. थिओ फ्लुरीलाही कॅलगरीनेच १९८७ ला १६६ वाच घेतला होता, ५ फूट ६ चा, हजाराच्या वर पॉइंट्स. तेव्हा जूनमध्ये राहिलेल्या पोरांपैकी १८ वर्षांची कोण, उन्हाळ्यात कुणाच्या कॅम्पला बोलावलंय आणि ऑक्टोबरमध्ये पाचास पाच असताना किती पॉइंट्स येतायत, एवढं एका कागदावर लिहून ठेवा आणि ख्रिसमसच्या सुमारास पुन्हा उघडून बघा.